सासूबाईंनी लसूण आणला

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची, म्हणून गल्लीत तिला सगळे चष्मेवालीच म्हणत. तिला पाचवा महिना लागला आणि सासूबाईंनी घरातून लसूण हद्दपार केला. "उष्ण असतो, पोटातल्याला सोसत नाही," एवढंच त्या म्हणाल्या. स्वतःच्या ताटातूनही त्यांनी तो काढून टाकला, त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही.

महिनाभर चष्मेवालीनं मिळमिळीत सूप आणि बेचव भाज्या निमूटपणे गिळल्या. मग एका दुपारी दुकानातल्या सोबतिणीनं डबा उघडला. लसणात परतलेले बटाटे! एकच फोड म्हणता म्हणता चष्मेवालीनं अर्धा डबा फस्त केला.

पण लसणाचा वास कुठला लपतोय! घरात पाऊल टाकताच सासूबाईंना कळलं. आता बोलणी बसणार म्हणून तिनं मान खाली घातली. सासूबाई मात्र मटकन खुर्चीत बसल्या. डोळे भरून आले होते.

"तुझ्या नवऱ्याच्या आधी एक होतं गं. तिसऱ्या महिन्यात गेलं. मी लसूण फार खायची, म्हणून गेलं, असं नणंद म्हणाली."

इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. चष्मेवालीनं त्यांचा हात धरला. "आई, उद्या तपासणीला माझ्याबरोबर चला. तिथंच विचारू."

दवाखान्यातली नर्स रक्तदाब मोजता मोजता म्हणाली, "स्वयंपाकातला लसूण खुशाल खा. छातीत जळजळलं तर कमी करा. लसणाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत."

"मग माझं तेव्हाचं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं.

नर्सनं दंडाचा पट्टा सोडला आणि त्यांच्याजवळ येऊन बसली. "काकू, जेवणातल्या लसणानं मूल जात नाही. तुमची काहीच चूक नव्हती."

परतताना सासूबाई बाजारात थांबल्या. गड्डा न् गड्डा दाबून पाहिला, पोकळ निघालेले भाजीवाल्याला बदलायला लावले. घरी सूनबाई सोलायला बसली, तर ताटली ओढून घेतली. "तू पाय वर करून बस."

संध्याकाळी जेवताना त्यांनी मुलाला त्याच्या आधीच्या त्या बाळाबद्दल पहिल्यांदाच सांगितलं. तो हातातला घास तसाच धरून ऐकत राहिला. त्यांचा आवाज कापला नाही. सांगून झाल्यावर त्यांनी लसणाची फोडणी दिलेली भाजी जवळ ओढली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली.