सही करून घेतलेला राउटर

सासरे एका गोदामात चौतीस वर्षं भांडारपाल होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण भांडार काही अंगातून गेलं नव्हतं. घरातल्या कात्रीलासुद्धा नंबर होता. इंटरनेट कंपनीचा राउटर आला तेव्हा त्यांनी कागद दोनदा वाचला. 'उपकरण कंपनीच्या मालकीचे असून परत करावे लागेल.' झालं! सही केली, लोखंडी कपाटाच्या पाठीला भोक पाडलं, तार आत घेतली, राउटर आत ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. परत करायची वस्तू जशीच्या तशी परत गेली पाहिजे.

सून वरच्या मागच्या खोलीतून ऑनलाइन शिवणवर्ग घ्यायची. गेल्या रविवारी कापडाला कात्री लावायच्या ऐन वेळी पडद्यावर तिचा पुतळा झाला. हात वर, कात्री उघडी, तोंडही उघडं. बावीस जणींनी अकरा मिनिटं पुतळा पाहिला. तिघींनी नाव काढून घेतलं. आज चारच्या वर्गात पुन्हा तेच झालं तर उरलेल्याही जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

म्हणून तिने मेशचा संच आणला. तीन पांढरे डबे. एक राउटरला जोडायचा, दोन घरात ठेवायचे. पहिल्याने पुढच्याला वायफाय पोचवायचं. बसवायला नणंद आली. ती मोबाइल दुरुस्त करायची, आणि वहिनीची फिरकीही तितक्याच सफाईने घ्यायची.

साडेतीन वाजले तरी जिन्यावरच्या डब्याचा दिवा लालच.

"वहिनी, तेवढी कात्री तरी खाली ठेव. पुतळा झालीस तर या वेळी निदान शोभून दिसशील."

"जीभ नंतर चालव. आधी दिवा हिरवा कर."

"पहिला डबा कुठंय?"

"राउटरला जोडायचा होता ना?" सासरे म्हणाले. "जोडला. कपाटात. कुलूपही लावलंय."

शेवटचं वाक्य त्यांनी शाबासकीच्या अपेक्षेने म्हटलं.

"बाबा! लोखंडाच्या आत? तोंडावर उशी दाबून त्याला गायला सांगताय तुम्ही!"

"ओरखडा पडला तर कंपनीला उत्तर कोण देणार? चौतीस वर्षांत माझ्या हातून एक खिळा गहाळ झाला नाही."

नणंद भांडणार होती. सुनेने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. हे कुलूप आवाजाने उघडत नाही, कागदाने उघडतं, हे सुनेला संसाराने शिकवलं होतं. तिने वहीचं पान फाडून लिहिलं: 'पांढरा डबा, नग एक. कंपनीचा नव्हे, घरचा. बाहेर देण्यात यावा.' खाली सही.

सासऱ्यांनी चष्मा लावला. "कारण लिहिलं नाहीस."

तिने लिहिलं: 'एकोणीस मुली वाट बघताहेत.'

सासऱ्यांनी ते जरा जास्तच वेळ वाचलं. मग किल्ली काढली.

राउटर कपाटातच राहिला. पांढरा डबा लांब तारेने कपाटाच्या डोक्यावर चढला. नणंदेने राउटरचं स्वतःचं वायफाय बंद करून टाकलं. "एका घरात दोन कारभारी! फोन आपले जुन्यालाच चिकटून बसायचे. आता राउटरने बाहेरून आणायचं, वाटायचं डब्यांनी. आणि बाबा, दार चार बोटं उघडं ठेवा, आत तापतो तो."

दिवा हिरवा झाला. चारला पाच मिनिटं कमी होती.

वर्ग सुरू झाला. कात्री उघडली, चालली, कापड सरळ रेषेत दोन झालं. कोणी थिजलं नाही. सून आता कुडत्याची कळी कापायला शिकवू लागली, तेवढ्यात पडद्यावर विसावा चेहरा उगवला. नणंदेने रेंज तपासायला सासऱ्यांच्या हाती हाच वर्ग लावलेला फोन दिला होता आणि ते घरभर फिरत होते. आवाज बंद करायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"सूनबाई! न्हाणीघरात पोचतंय! स्पष्ट!"

एकोणीस मुली एकदम हसल्या.

"बाबा, वर्ग चालू आहे!"

"दिसतंय की. पण ती कळी डावीकडे दोन बोटं तिरकी गेली आहे, बघ."

सुनेने बघितलं. गेली होती.