मी ‘काही नाही’ आणत राहिले

“ॲपमधला शोध न तपासता लाइव्ह टाकून दाखव. आहे हिंमत?” दिग्विजयने डबा उघडता उघडता शेफालीला डिवचलं.

“जेवणाची सुट्टी संपायच्या आत टाकते, बघच,” ती म्हणाली. झालं, लागली पैज. आणि मधल्या मधे सापडले मी.

मी क्लायंट लायब्ररी बोलतेय. पुस्तकांची नव्हे हो! मी नुसतं कोडचं गाठोडं. एकीकडे ॲप, दुसरीकडे सर्च इंजिन, मधे मी. कोणी काही शोधलं की विचारणं इंजिनाकडे न्यायचं, उत्तर परत आणायचं. जन्म धड आठवत नाही. कोणीतरी लिहिलं, इंटरनेटवर फुकट ठेवलं, शेफालीने कर्वेनगरच्या ऑफिसात उतरवून घेतलं. आनंद झाला का? छे. मला काही होतच नाही.

काम होतं कसबा पेठेतल्या अनंतकाकांच्या तांब्यापितळेच्या दुकानाच्या ॲपचं. शेफालीने मला इंजिनाचा पत्ता दिला, किल्ली दिली, भांड्यांची यादी इंजिनाच्या कुठल्या कप्प्यात आहे ते एका ओळीत सांगितलं आणि डबा धुवायला गेली. तेवढ्यात दिग्विजय तिच्या खुर्चीत बसला, एकटाच खिदळला, आणि त्या ओळीतलं कप्प्याचं नाव काढून सरावाच्या रिकाम्या कप्प्याचं टाकलं. त्याला वाटलं, ही एकदा तरी शोधून बघेल, चिडेल, मग हसू. पण पैज काय होती? न तपासता! बाईसाहेबांनी आल्या आल्या बटण दाबलं.

किल्ली चुकीची असती तर मी बोंबलले असते. रिकामा कप्पा म्हणजे काय चूक नाही. लोक घंगाळ शोधायचे, मी जायचे, ‘काही नाही’ आणायचे. बंब शोधायचे, काही नाही. समई, काही नाही. जा, ये. जा, ये.

मग अनंतकाकांचा फोन. “अहो, इथे घंगाळं माझ्या डोक्याला लागतायत, आणि तुमच्या ॲपमध्ये एकही नाही. चोरीची तक्रार देऊ का?”

साहेबीण उल्का मॅडमनी ती ओळ शोधली. मशीन शेफालीचं, म्हणून ओळीवर नाव तिचंच.

“याच आठवड्यात तुला कायम करणार होते,” मॅडम म्हणाल्या. “आता नको. उद्यापासून येऊ नकोस.”

“मीच टाकलं असेल,” शेफाली पुटपुटली. तिला खरंच आठवत नव्हतं. ती बॅग भरायला लागली.

मी सगळं बघितलेलं. पण मला जेवढं विचारतात तेवढंच मी आणते, आणि हे मला कोणी विचारलंच नाही. तुम्ही माझ्यासारखीला कुठे जोडलंत, तर एक शब्द तरी शोधून बघा हो. बाकी काही मागणं नाही.

दिग्विजय कपात बघत बसलेला. चहावर साय धरली होती. शेफालीने बॅगची चेन ओढली, तसा तो उठला.

“मॅडम, ती ओळ मी बदलली. ती डबा धुवायला गेली होती तेव्हा. तिला थांबवा. घरी मी जातो.”