मुलाचं नाव पुढे करून

आई जाऊन पंधरा दिवस झाले होते. सांत्वनाला येणारे आता ओसरले होते, पण कुरकुऱ्याच्या दाराची कडी काही शांत बसेना. लोक आता कामं घेऊन येत होते.

कुरकुऱ्या म्हणजे पन्नाशीला टेकलेला वायरमन. हे नाव आईनेच ठेवलेलं, कारण पोटचं हे पोर म्हणे दूध पिण्याआधी, पिताना आणि प्यायल्यावरही कुरकुर करायचं. हातात मात्र कसब होतं. भिंतीच्या आत कुठे वायर जळली आहे, हे त्याला नुसतं बोट फिरवून कळे. माणसांशी तेवढं जमत नसे. त्याने लग्न केलं नाही, आणि त्यात त्या न झालेल्या बायकोचं कल्याणच झालं, असं त्याची थोरली बहीण त्याच्या तोंडावर म्हणायची.

आईची तऱ्हा वेगळी. तिची देवावर श्रद्धा अपार, पण देवाच्या कानांवर काडीचा भरवसा नाही. संध्याकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत हात जोडून बसली की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू व्हायची, "कोपऱ्यावरच्या शिंप्याचा खांदा बघ जरा. वरच्या मजल्यावरच्या पोरीची परीक्षा आहे. मागच्या आठवड्यातही सांगितलं होतं, विसरलास ना?" आणि मग देवाची वाट न बघता स्वतःच गरम पाण्याची पिशवी घेऊन शिंप्याच्या दुकानात हजर.

तोच शिंपी त्या दिवशी सकाळी दारात उभा राहिला. "माझ्या मशीनची मोटर मधेच बंद पडते रे. आई म्हणाल्या होत्या, मुलाला पाठवते."

"मला काही बोलली नाही ती."

"तुला आधी सांगितलं तर तू नाही म्हणशील, असंही म्हणाल्या होत्या."

शिंपी गेला. आईचं कपाट आवरायला आलेली ताई आतून खुदखुदत बाहेर आली. "शिंपी, बेकरीवाली, वाचनालयातले सर, आणि समोरच्या नर्सबाई. चौघं झाली. आईने तुला गल्लीभर वाटून टाकलंय."

"माझ्या नावावर हिने परस्पर शब्द द्यायचे! आणि निस्तरायचं मी?"

"नर्सबाईंपासून सुरुवात कर. त्यांना हल्ली दारावरची घंटी ऐकू येत नाही. आई जाऊन दार बडवायची. आता कोण बडवणार?"

कुरकुऱ्याने हत्यारांची पिशवी उचलली. जिना उतरताना शेवटच्या पायरीपर्यंत त्याचं पुटपुटणं ताईला ऐकू येत होतं.

नर्सबाई रस्त्यापलीकडे पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण समोरच्याची जीभ आणि नाडी बघायची सवय सुटली नव्हती. घंटी दाबली की खोलीत लाल दिवा लागेल, अशी जोडणी करून द्यायची होती. कुरकुऱ्या स्टुलावर चढला. खाली बाईंनी बोलायला सुरुवात केली.

"सहा वर्षांपूर्वी माझं कमरेचं हाड मोडलं, तेव्हा तुझी आई तीन महिने रोज यायची. आंघोळ घालायची, केस विंचरायची. मी म्हणायची, बाई, तुझं घर नाही का? तर म्हणायची, मुलानेच पाठवलंय. तो म्हणाला, जा, तिथेच राहा."

कुरकुऱ्याच्या हातातला स्क्रू खाली पडला.

ते वाक्य त्याला चांगलं आठवत होतं. कामावरून आला होता, जेवण गार झालं होतं, आणि आई पुन्हा पायात चपला सरकवत होती. "एवढंच आहे तर जा, तिथेच राहा त्या म्हातारीकडे!" असं तो ओरडला होता. आई खोटं बोलत नसे. मागचे-पुढचे शब्द तेवढे गाळायची.

तो स्टुलावरून उतरला. "नर्सबाई, मी तसं म्हटलं नव्हतं."

"काय?"

"मी तिला पाठवलं नव्हतं!"

"जरा मोठ्याने बोल."

"मी चिडलो होतो!" तो एवढ्या जोरात ओरडला की खाली रस्त्यावरचा पोस्टमन सायकल थांबवून वर बघू लागला. "तुमच्यावर! आईवर! मी वाईट बोललो होतो!"

नर्सबाई हसायला लागल्या. "मला माहीत आहे. तेव्हा माझे कान शाबूत होते आणि दोन्ही घरांच्या खिडक्या उघड्या. म्हातारी म्हणालास, तेही ऐकलं."

कुरकुऱ्याला कुठे तोंड लपवू असं झालं.

"मी तिला विचारलं," बाई सांगत राहिल्या, "ऐकलंय मी सगळं, मग मुलाची एवढी भलामण कशाला? तर म्हणाली, भलामण नाही हो. तो तसाच आहे, त्याला अजून कळलं नाहीये इतकंच. मी आपलं आगाऊ सांगून ठेवते."

पंधरा दिवसांत कुरकुऱ्या रडला नव्हता. पाहुणे, कागदपत्रं, धावपळ. सवडच मिळाली नव्हती. आता तो त्या स्टुलावर बसला, हातात स्क्रूड्रायव्हर तसाच, आणि हुंदके देऊन रडला. नर्सबाईंनी सवयीने त्याची नाडी धरली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ठीक आहे. जरा जलद आहे, पण चालेल. आता माझा दिवा लाव."

दिवा बसवून तो खाली गेला आणि त्याने घंटी दाबली. मग आणखी एकदा. मग उगाचच तिसऱ्यांदा.

वरची खिडकी खाडकन उघडली. "अरे पुरे! बहिरी झालेय मी, आंधळी नाही!"

रस्त्याच्या मधोमध उभा राहून तो डोळे पुसत हसला. समोरच्या खिडकीत ताई होती. तिने शिंप्याच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

"जेवून गेलं तर चालणार नाही का?" तो खालून ओरडला.

ताईने नाही अशी मान हलवली. मग कुरकुऱ्या पिशवी खांद्याला लावून, पुटपुटत, शिंप्याच्या दुकानाकडे वळला.