पिवळ्या कोरीचे पंख

आमच्या प्राणी-संवर्धन केंद्रात नामशेष व्हायच्या बेतात असलेले दोनच जीव: नवऱ्याकडे भेक, म्हणजे खडबडीत कातडीचे बेडूक, माझ्याकडे पतंग. साहेबांनी जाहीर केलं, यापुढे पैदाशीसाठी खोली एकालाच मिळेल. झाली तुलना सुरू! भेक म्हणे फोटोत गोड दिसतो. माझ्या पतंगाला तोंडच नाही. कोषातून बाहेर पडला की आठवडाभर उपाशी जगायचं आणि संपायचं. त्याचं डोंबलाचं कौतुक कोण करणार?

मी भांडून एक अट पदरात पाडून घेतली. केंद्रामागच्या झुडपांवर पतंग सोडायचे. तिथे अळ्या निघाल्या तर खोली माझी. होते तेवढे सगळे सोडले. आठवडाभराचं आयुष्य, राखून काय ठेवणार? नवरा भेकांच्या खाण्यासाठी मागच्या दारी रात्रभर दिवा लावतो. त्यावर आलेले किडे सकाळी वेचून, पंख खुडून भेकांपुढे टाकतो. "तेवढे दिवस दिवा बंद ठेव," मी हात जोडून म्हटलं. "अगं हो, किती वेळा सांगशील?" तो म्हणाला.

झुडपांवर अंडी सापडली तेव्हा मी खुळ्यासारखी नाचले. साहेबांना ओढत नेऊन दाखवली. पण अळ्या काही निघेनात. अंडी चेपली, सुकली. नराची गाठच न पडलेल्या माद्यांची अंडी ती. माद्या जागच्या हलत नाहीत, अंगाच्या वासाने नरांना बोलावतात. मग नर गेले कुठे? दिव्यावर झेपावतात ते बहुतेक नरच.

भेकांच्या खोलीतला कचऱ्याचा डबा मी जमिनीवर उपडा केला. तपकिरी पंख, प्रत्येकावर पिवळी कोर. ही कोर नवरा झोपेतही ओळखेल. लग्नाआधीपासून मी त्याला तीच दाखवत आलेय. एकेक हातात धरून खुडले होते मेल्याने!

"भेकांची अंडी घालायची वेळ होती," तो खाली बघत म्हणाला. "उपाशी ठेवू त्यांना? आणि माद्या होत्याच की तुझ्या. अगं, नरच तर होते."

"खरंय," मी म्हटलं. "नरावाचून कुणाचं काय अडतंय?"

तो चक्क हसला. वाटलं त्याला, मिटलं. संध्याकाळी मी बॅग भरून दादाकडे निघाले, तेव्हा मात्र दारात आडवा आला.

"अगं, खोली शेवटी आपल्याच घरात राहिली ना!"

मी त्याला बाजूला सारलं आणि जिना उतरले.