बाबांचा पाय आणि माझी जाड तार

आधीच सांगून टाकते, माझ्या दोन तारा तुटलेल्या नाहीत. मला मुळातच चार तारा आहेत. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सिद्धोधनकडे जो पाहुणा येतो तो मला बघून हेच विचारतो, आणि सिद्धोधन प्रत्येकाला तितक्याच उत्साहानं समजावतो की ही साधी गिटार नव्हे, ही बेस गिटार. हिनं गाण्याच्या खाली राहून सूर धरायचा असतो. पाहुणा मान डोलावतो आणि चहा कुठवर आला ते बघतो.

सूर धरायचा, एवढंच माझं काम. तेच एकदा माझ्या हातून झालं नाही. ती हकिगत सांगायलाच मी आज तोंड उघडलंय, नाहीतर ते उघडायची मला लाजच वाटते.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यातला. त्यातलं मला पॉलिशचा वास सोडला तर काही आठवत नाही. पुढं नांदेडच्या एका वाद्यांच्या दुकानात मी दीड वर्ष खिळ्याला टांगलेली होते. शेजारच्या ढोलक्या आणि हलग्या भराभर विकल्या जायच्या. माझ्याकडं पोरं यायची, गळ्यात अडकवून फोटो काढायची आणि जायची. सिद्धोधन मात्र तीन रविवार सलग आला आणि तिसऱ्या रविवारी मला घेऊनच गेला. हा पूर्णा स्टेशनवर तिकीट खिडकीत बसणारा बाबू, वय अडतीस. परतीच्या गाडीत त्यानं मला मांडीवर घेतलं होतं आणि प्रत्येक धक्क्याला माझी मान तळहातानं सांभाळली होती. इतका जीव माझ्यावर त्याआधी कोणी लावला नव्हता.

पण हौशी माणसाचा जीव कुठं कुठं लागतो, हे मला नंतर कळलं. आधी माझ्यासाठी पट्टा आला, मग स्टँड, मग पुसायचं मऊ फडकं, मग लाकडाला लावायचं तेल. मग माझ्या शेंड्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर आला. सूर बरोबर असला की त्याचा हिरवा दिवा लागतो, उतरला की लाल. सिद्धोधन रोज तासभर सरावाला बसायचा. त्यातली चाळीस मिनिटं मला पुसण्यात आणि दुसरे लोक काय वाजवतात ते फोनवर बघण्यात जायची. उरलेल्या वेळात तो तोच एक तुकडा वाजवायचा, जो त्याला पहिल्याच आठवड्यात आला होता.

फोनवर त्यांचा एक ग्रुपही होता, मराठवाड्यातल्या बेसवाल्यांचा. तिथं गुळगुळीत तारा बऱ्या की खरखरीत, यावर माणसं दोन-दोन दिवस भांडायची. परभणीच्या विवेकरावांचा तिथं फार मान. त्यांचं औषधाचं दुकान आहे. त्यांच्याकडं तीन बेस, पायानं दाबून आवाज बदलायची सात पेडल, आणि त्यांनी एखादं गाणं शेवटपर्यंत वाजवलेलं कोणी ऐकलेलं नाही. त्यांनीच ती युक्ती सांगितली. म्हणाले, जुन्या तारा काढून दहा मिनिटं पाण्यात उकळा, हाताचा घाम आणि मळ सुटतो, तारा नव्यासारख्या बोलायला लागतात.

सिद्धोधनच्या बायकोनं, धम्मशीलाबाईंनी, शाळेतून घरी येऊन पाहिलं तर चहाच्या पातेल्यात माझ्या चारी तारा खदखदत होत्या. त्या जिल्हा परिषदेच्या शिक्षिका, आवाज चढवायची त्यांना गरज पडत नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "आता ह्या तारांचा काढा पिणार का तुमी?" दुसऱ्या दिवशी त्यांनी तारांसाठी एक जुनं भगुनं वेगळं काढून दिलं.

तारा खरंच बोलायला लागल्या. पण दोन-चार दिवसच. मग पुन्हा सोडा, पुन्हा उकळा, पुन्हा खुंटीला गुंडाळा. तारेचं वळलेलं टोक सारखं सरळ करून पुन्हा वळवलं की ते मोडतं. हे विवेकरावांनी लिहिलं नव्हतं. माझ्या जाड तारेचं टोक असंच मोडलं. खुंटीवर निदान तीन वेढे बसायला हवेत, तिथं दीडच बसायला लागला. सिद्धोधन म्हणाला, चालतंय.

आता बाबांविषयी सांगते. भगवानराव हे त्यांचं नाव, पण सगळी वस्ती त्यांना बाबाच म्हणते. इंजिनच्या शेडमध्ये त्यांची उभी हयात गेली. त्या आवाजानं डावा कान पार गेला आणि उजवा अर्धा राहिला. गळा मात्र शाबूत. पेडगावपासून येलदरीपर्यंत असं गाव नसेल जिथं त्यांच्या गायन पार्टीनं बुद्ध-भीमगीतं गायली नाहीत.

सिद्धोधन त्या पार्टीत शिरला तो माझ्यामुळं, आणि खरं म्हणजे माझ्या डब्यामुळं. ज्यातून माझा आवाज निघतो त्या ॲम्पला सगळे डबाच म्हणतात. पहिल्या सरावाला बाबा अनवाणी डब्याजवळून चालले होते. मी काळी तीनचा, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीचा, सूर धरला होता. ते थबकले. मग त्यांनी डावा पाय उचलून सरळ डब्यावर ठेवला आणि डोळे मिटले.

"आरं, सूर पायात यायलाय की," ते म्हणाले.

ढोलकी, टाळ्या, लोकांचा गोंगाट, यात त्यांना पेटी ऐकू येत नसे. आजवर ते अंदाजानंच गात होते, आणि हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नव्हतं. त्या दिवसापासून ते मंचावर माझ्या डब्याला डावं पाऊल टेकवून बसायला लागले. सिद्धोधनला फार काही येत नव्हतं, पण बाबांना फार काही नकोच होतं. "तू सूर तेवढा धरून ठेव सिद्धा, बाकीचं मी बघतो," म्हणायचे. मला केवढा अभिमान वाटायचा. भेगाळलेली टाच होती ती, पण तिनं भरवसा टाकला म्हणूनच मला काम मिळालं होतं.

मग चौदा एप्रिल आला. जयंतीला माझा आवाज खणखणीत लागावा म्हणून सिद्धोधननं सकाळी तारा पुन्हा उकळल्या. घाईत पुसल्या, घाईत चढवल्या. संध्याकाळी मंचावर चढताना सूर लावला, हिरवा दिवा लागला. समोर चारशे माणूस, सासरची मंडळी पहिल्या रांगेत, धम्मशीलाबाई फोन धरून व्हिडिओ काढत होत्या. पहिलं गाणं झकास झालं.

दुसऱ्या गाण्यात माझी जाड तार खुंटीवरून सरकायला लागली. दीड वेढ्यानं ती किती धरणार? मी उतरत गेले, थोडी थोडी, आणि बाबा पायातून माझा सूर घेत माझ्यामागं उतरत गेले. पेटी बन्सीधर वाजवत होते. त्यांनी चमकून बाबांकडं पाहिलं, भाता जोरात मारला, स्वर ठासून दिला. बाबांना तो ऐकू येत नव्हता. त्यांचा विश्वास माझ्यावर होता.

माझ्या शेंड्यावर लाल दिवा लागला होता. सिद्धोधनला तो दिसला. मला नक्की माहीत आहे, कारण त्याची बोटं एक ठोका चुकली. तेवढ्यात हात वर करून थांबा म्हणायचं होतं. पण सासरे समोर बसलेले, दोन महिने सगळ्यांना सांगत सुटलेला की या वर्षी बेस आहे. त्यानं मान खाली घातली आणि वाजवत राहिला.

लोकांत कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतल्या सुलाबाई शेजारणीला म्हणाल्या, "बाबांनी थांबावं आता. वय झालं." बाबांना ते शब्द ऐकू आले नसतील, पण चेहरे दिसले. कडव्याच्या मध्येच त्यांनी गाणं सोडलं, पाय डब्यावरून काढला आणि लोकांना हात जोडले.

"गळा साथ देईना आता. माफ करा," म्हणाले, आणि कोणाचा हात न धरता मंचावरून उतरले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिद्धोधननंही वाजवल्या. त्या टाळ्यांची मला अजून शिसारी येते.

माणूस चूक कबूल करायची टाळतो तेव्हा तो किती कामसू होतो! पुढच्या आठवड्यात सिद्धोधननं नव्या तारा मागवल्या, नवी वायर आणली, माझ्या खुंट्या तेल घालून साफ केल्या. ग्रुपवर विचारलं, उन्हाळ्यात तार का सरकते? पंचवीस जणांची उत्तरं आली, ती त्यानं सगळी वाचली. बाबांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, तिकडं मात्र तो फिरकला नाही.

बाबाच आले. हातात त्यांची गाण्यांची वही, पुठ्ठा शिवलेली. म्हणाले, आता मला हिचं काय काम, तुमच्या पार्टीला उपयोगी पडेल. सिद्धोधन उठून उभा राहिला. त्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगतो. त्यानं दोन्ही हातांनी वही घेतली, बाबांच्या पाया पडला, आणि ते गेल्यावर वही माझ्या पिशवीच्या कप्प्यात सारून चेन लावली. तीन आठवडे मी आणि ती वही एका अंधारात पडून होतो. तिच्या शेजारी मला फार ओशाळं वाटायचं.

हे उघडं पडलं धम्मशीलाबाईंमुळं. मे महिन्यात एका दुपारी त्या जयंतीचा व्हिडिओ बघत बसल्या होत्या. त्यांनी फोन थांबवला आणि बोटानं मोठा केला.

"हा लाल दिवा कशाचा हाय?"

"सूर उतरला की लागतो," सिद्धोधन म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

त्यांनी व्हिडिओ मागं नेला, पुन्हा पाहिला. "गाणं सुरू व्हायच्या आधी हिरवा हाय. बाबा चुकायच्या आधी लाल झालाय." त्यांनी फोन खाली ठेवला. "मग हात बाबांनी का जोडले?"

सिद्धोधननं चप्पल घातली, मला पाठीला लावलं आणि भर उन्हात बाबांचं घर गाठलं. वाटेत त्याच्या पाठीचा घाम माझ्या पिशवीतून आत उतरत होता.

बाबा ओट्यावर बसले होते. सिद्धोधननं उजव्या कानाशी बसून सगळं सांगितलं. भगुन्यातलं उकळणं, दीड वेढा, लाल दिवा, काहीच ठेवलं नाही. मला वाटत होतं, बाबा मोठ्या मनाचे, पाठीवर हात ठेवतील. तसं झालं नाही. 

"महिना झाला, मी माझ्याच गळ्याला शिव्या द्यायलोय," ते म्हणाले. "नातीला हाक मारताना बी आवाज दाबून मारायलोय. आन् तू माझी वही बी घेतलास."

सिद्धोधन रडायला लागला. बाबांनी त्याला रडू दिलं.

"माफी मला नको मागू. चारशे मानसानं ऐकलंय, त्यायला सांग. वही ठेव इथं."

चारच दिवसांनी वैशाख पौर्णिमा होती. विहारात संध्याकाळी वंदना झाली, खीर वाटायची तयारी चालू होती. सिद्धोधन माईकसमोर उभा राहिला. मी त्याच्या गळ्यात होते, त्यामुळं त्याचं काळीज कसं धडधडत होतं ते मला लाकडातून कळत होतं.

"जयंतीला बाबांचा गळा उतरला नव्हता," तो म्हणाला. "माझी तार उतरली होती. मला दिसलं होतं, तरी मी थांबलो नाही. बाबा माझ्या सुरावर गात होते."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग मागून कोणीतरी बाबांना गायला सांगितलं, आणि बाबा उठले.

मी तयार होते. नव्या तारा, तीन वेढे, तीनदा लावलेला सूर. डबा नेहमीच्या जागी होता. बाबा मंचावर आले आणि पलीकडं गेले. बन्सीधरांच्या पेटीला उजवा कान लावून, पाय मांडीखाली घेऊन बसले. ढोलकीवाल्याला हळू वाजवायला सांगितलं आणि गायले. गळा पहिल्यासारखाच होता. लोक डोळे पुसत होते. मी खालून सूर धरला होता, पण तो ज्यांच्यासाठी धरला होता त्यांना त्याची गरज नव्हती.

त्याला आता दोन महिने होत आले. माझी प्रकृती छान आहे, दिसायलाही मी बरी दिसते. भगुनं मोडीत गेलं. सिद्धोधननं ग्रुपवर स्वतःची चूक लिहून टाकली. विवेकरावांनी त्यावर अंगठ्याचा इमोजी दिला आणि नव्या पेडलचा फोटो टाकला. सिद्धोधन आता दर गाण्याआधी सगळ्यांदेखत हात वर करतो, "थांबा, तार बघतो," म्हणतो. कोणी हसलं तर हसू देतो.

माझ्यासारख्या वाद्यांच्या हौशी मालकांनो, तुमच्या फडक्यांबद्दल आणि तेलांबद्दल मी आभारीच आहे. तारा उकळा नाहीतर दर महिन्याला नव्या लावा, तुमची हौस आहे. पण आपल्या सुरावर कोणीतरी पाय टेकून बसलंय, एवढं ध्यानात असू द्या. आणि लाल दिवा दिसला तर तिथंच थांबा. महिन्यानंतर थांबायला फार जड जातं.

परवाच्या सरावाला बाबा आले होते. चप्पल काढून डब्याशेजारूनच गेले, वीतभर अंतरावरून. टाचेच्या भेगा मला ओळखीच्या वाटल्या. क्षणभर ते थांबले, मग पेटीकडं जाऊन बसले. पाय ठेवायचा की नाही, ते त्यांनी ठरवायचं. मी काळी तीन धरून बसलेय.