बांधलेला कॉम्प्युटर

"बघा, बाण फिरतोय पण उघडत काहीच नाय!"

"अगं बाई, खरंच की!"

दसऱ्याच्या सकाळी सायखेड्यातल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. आत चाळीस-पन्नास माणसं टाचा उंचावून माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बघत होती. पडद्यावर सगळं जागच्या जागी होतं. फोल्डर होते, फायली होत्या, खालची पट्टी होती. माऊसचा बाणही छान पळत होता. पण कशावरही क्लिक करा, ढिम्म! मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच.

"यंत्र बांधलं गेलंय," झुंबरबाबा डोळे मिटून म्हणाले, आणि पन्नास माणसांनी एकदम श्वास रोखला.

त्यात मीही होते. मी प्रतिभा, बारा वर्षं कॉम्प्युटर शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण या गोष्टीत सगळ्यात जास्त लाज मला वाटायला हवी, आणि वाटतेही.

झाली सुरुवात आदल्या दिवशी. खंडेनवमीला ट्रॅक्टरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, तसं आमच्याकडे कॉम्प्युटरना लागतं. क्लासची झाडलोट करणाऱ्या साळूबाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या कुठल्याच पूजेत पुढे येत नाहीत. मीच त्यांचा हात धरला.

"रोज तुम्ही पुसता ना ही मशीन? मग कुंकूही तुम्हीच लावा."

"नको म्याडम. लोक नावं ठेवतील."

"लोकांचं मी बघते!"

काय तो माझा आवेश! त्यांचा कुंकू लावतानाचा फोटोही मी स्टेटसला टाकला आणि किती जणांनी पाहिला ते दिवसभर बघत बसले.

त्याच पूजेला आमचे गाळामालक वाल्मीकभाऊ या झुंबरबाबांना घेऊन आले होते. "साधे बाबा नाय हां म्याडम, पूर्वी नाशकात कॉम्प्युटर लाईनला व्हते." बाबा थेट माझ्या खुर्चीत बसले. "सगळे डोळे मिटा, एकशे आठ वेळा आईचं नाव घ्या. मदरबोर्ड हे नाव उगाच पडलंय का? मदर म्हंजे आई! वायफाय म्हंजे काय? न दिसणारी शक्ती!" मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. बाबांची बोटं कळफलकावर होती आणि पडदा क्षणभर काळवंडून पुन्हा उजळला. "देवीनं पापणी लववली!" बाबा ओरडले. मी चटकन तोही डोळा मिटला. शेवटी त्यांनी कळफलक लाल फडक्यात गुंडाळून वर नाडा बांधला. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार वापरायचं नसतं, त्याला विसावा द्यायचा असतो. "मी सोडेपर्यंत गाठ सुटता कामा नये," असं बाबांनी बजावलं. आम्ही माना डोलावल्या.

आणि आज दसऱ्याच्या मुहूर्तावर नव्या बॅचचे प्रवेश होते. पोरांचे आईबाप जमलेले, आणि मॅडमचा कॉम्प्युटर बांधलेला! वाल्मीकभाऊंनी फोन केला, बाबा पाच मिनिटांत हजर झाले. पाच मिनिटांत कसे आले, एवढंसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही.

"ज्या हाताला कुंकवाचा मान नाय," बाबा सावकाश म्हणाले, "त्या हातानं इथं कुंकू लागलंय. बरोबर का चूक?"

सगळ्या माना साळूबाईंकडे वळल्या. हातात केरसुणी घेऊन त्या कोपऱ्यात उभ्या होत्या.

"सगळ्यांच्या मशीनला माझं कवच चिकटवावं लागंल. पाचशे एकला एक. पण आधी त्या बाईनं यंत्रापुढं नाक घासावं, आणि पुन्हा या उंबऱ्याच्या आत येऊ नये."

साळूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. फक्त माझ्याकडे. आता म्याडम बोलतील, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मी बोलले. मी म्हणाले, "घासा ना साळूबाई. एकदाचं मिटू दे. कामाचं आपण नंतर बघू."

समोर बावीस पोरांचे आईबाप होते, ते उठून गेले असते तर क्लास बुडाला असता. पण ते कारण झालं, उत्तर नाही.

साळूबाईंनी केरसुणी खाली ठेवली. पदर सावरून त्या टेबलाशी आल्या आणि वाकल्या. वाकता वाकता थांबल्या.

"म्याडम, यातलं घड्याळ बंद पडलंय का?"

"मुकाट्यानं घास!" बाबा खेकसले.

"नाय, मी आपलं इचारते. शाळेत खिचडी शिजवायला जायचं असतं, म्हणून रोज याच घड्याळाकडं बघते मी. आकडं तेवढं वळखते. काल कुंकू लावून झालं तवा बी अकरा धा व्हते. आता बी अकरा धाच हायती."

मी भिंतीकडे पाहिलं. तिथे साडेनऊ वाजले होते. पडद्याच्या कोपऱ्यात अकरा दहा, आणि खाली तारीखही कालचीच.

मला कालची ती देवीची पापणी आठवली. पडदा क्षणभर काळवंडतो तो कशाने? हे मी दर बॅचला दुसऱ्याच आठवड्यात शिकवते!

मी नाड्याची गाठ ओढली. "सुटली तर नाश व्हईल!" बाबा ओरडले. फडकं फेकून मी विंडोजचं बटण दाबलं. पटकन यादी उघडली.

"आई पावली! गाठ सुटली, बाधा सुटली!" बाबांनी लगेच हात वर केले.

"आई नाही, बटण पावलं," मी म्हणाले. "अंजली, इकडे ये गं. विंडोज आणि प्रिंट स्क्रीन, दोन्ही एकदम दाब." माझ्या जुन्या बॅचची अंजली पुढे आली. तिने बटणं दाबली, पडदा काळवंडून उजळला.

"ही देवीची पापणी," मी लोकांना म्हणाले. "याला स्क्रीनशॉट म्हणतात, म्हणजे पडद्याचा फोटो. काल आपण डोळे मिटून बसलो तेव्हा यांनी हा फोटो काढला आणि तोच पडद्यावर मागे चिकटवला. खरी चित्रं लपवली, खालची पट्टी वरच्या कडेला नेऊन दडवली. तुम्ही सकाळपासून फोटोवर क्लिक करताय. फोटोतलं दार उघडेल का? फोटोतलं घड्याळ चालेल का? आणि कळफलक का बांधला? एक बटण दाबलं असतं तरी सोंग उघडं पडलं असतं म्हणून!"

अंजलीने फोटो काढून टाकला. लपवलेली चित्रं परत आली. तिने एकावर क्लिक केलं, ते उघडलं. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. वाल्मीकभाऊ बाबांची कॉलर धरायला वळले, तोवर बाबा चपलांच्या ढिगात आपला जोड शोधत होते. तो न सापडताच गेले.

लोक माझं कौतुक करू लागले. म्याडम लय हुशार! मला मान वर करवेना. साळूबाई केरसुणी जागेवर ठेवून निघाल्या होत्या. मी दारात आडवी गेले.

"साळूबाई, चुकलं माझं. उद्या या ना कामाला."

"म्याडम, ते बटन तुम्हाला ठाऊक व्हतं ना?"

"हो."

"आन मी बी ठाऊक व्हते. सात वर्सं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. माझ्या बाजूने वाट काढून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, त्यांच्या गल्लीत, चार बायांसमोर माफी मागितली. त्यांनी चहा दिला. कामावर मात्र त्या आल्या नाहीत, अजूनही आलेल्या नाहीत.

आता नव्या बॅचला स्क्रीनशॉट शिकवताना मी ही सगळी गोष्ट सांगते, माझं नाव न वगळता. कॉम्प्युटर अडला तर बटणं दाबून बघा, वायर बघा, घड्याळ बघा, ज्याला कळतं त्याला विचारा. कारण सापडलं नाही तर सापडलं नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण यंत्राच्या बिघाडासाठी कुणी माणसाला नाक घासायला सांगितलं, तर तिथल्या तिथे उभं राहून नाही म्हणा. मला सगळं येत होतं, फक्त तेवढं आलं नाही.