नाखव्याच्या चपला

आमचा नाखवा होडीवर चपला घालून चढत नाही. मरेल, पण चढणार नाही. मनोरीच्या बंदरावर त्याच्या चपला दिसल्या की गावाला कळतं, रामनाथ होडीवर आहे. एकदा इंजिन दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीनं बुटासकट होडीत पाय टाकला, तर ह्यानं त्याला बखोटं धरून खाली उतरवला. वर विचारतो, "तुमच्या देवघरात पण असाच घुसतोस काय?" इंजिन चार दिवस तसंच बंद पडून राहिलं. आता नवरा माझाच, बोलणार कुणाला!

आणि आम्हा बायांना तर तेवढीही सवलत नाही. चपला काढा नाहीतर ठेवा, आमच्या घरातल्या बाईनं होडीवर पाय ठेवायचा नाही. गावातल्या बाकीच्या बाया नारळी पौर्णिमेला नटूनथटून होडीत बसतात, आम्ही मायलेकी धक्क्यावरून बघतो. हा दंडक माझ्या आजेसासऱ्याचा. का घातला ते सांगायला कुणी उरलं नाही, पण पाळायला आमचा नाखवा आहे ना! लग्न होऊन आले तेव्हापासून मी ह्याच होडीचं म्हावरं पाटीत भरून मालाडच्या बाजारात विकते. तिचं इंजिन कधी रुसतं, तिला रंग किती लागतो, सगळं मला तोंडपाठ. पण तिच्यावर उभं राहिलं की बंदर कसं दिसतं, ते मला विचारू नका.

अशा घरात नेत्रा जन्मली. एकुलती एक, बारावी सायन्स झालेली, खाडी पोहून पार करणारी, आणि तोंडानं माझ्यावर गेलेली. गेल्या महिन्यात मच्छीमार सोसायटीच्या हॉलात नेव्हीची माणसं आली होती. लाइफ जॅकेट घाला, समुद्रात अनोळखी बोट दिसली की ह्या नंबरावर कळवा, असं सगळं सांगत होती. आमचे बाप्ये माना डोलवत होते आणि चहा कधी येतो ते बघत होते. तेवढ्यात त्यांच्यातली एक पोरगी उठली. पांढरा स्वच्छ युनिफॉर्म, वय असेल आमच्या नेत्राएवढंच, फार तर एक-दोन वर्षं जास्त. म्हणाली, "मी जान्हवी, देवगडची. जहाजावर रडारची ड्युटी करते. आता मुलींनाही सेलर म्हणून घेतात. कुणाला विचारायचं असेल तर विचारा."

मागून आमचीच उठली. "पोहता येणं पुरतं का?"

"धावता पण आलं पाहिजे," जान्हवी हसली, "आणि गणिताचा पेपर पण आहे हां."

झालं. त्या दिवसापासून पोरगी पहाटे उठून रेतीत धावायला लागली.

बापाला सांगायची वेळ आली तेव्हा मी मुद्दाम बोंबलाचं कालवण केलं होतं, त्याच्या आवडीचं. काही उपयोग झाला नाही. पहिला घास तोंडाशी नेता नेता त्यानं विचारलं, "सेलर म्हणजे खलाशीच ना?"

"हो, पण नेव्हीतला," नेत्रा म्हणाली.

"माझ्या होडीवर खलाशी कामाला आहेत. आणि नाखव्याची पोर दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी जाणार? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

माझं डोकं सटकलं. आमच्यात नवऱ्याला अरेतुरेच करतात, त्यामुळे मला अडचण नव्हती. "मागच्या महिन्यात हिला बँकेत चिकटव म्हणत होतास. ती बँक काय तुझ्या आजोबाची होती? तिथे नोकर झालेली चालते?"

"बँक जमिनीवर असते," तो म्हणाला. "आपल्या घरातली बाई बोटीवर चढत नाही."

घोडं तिथेच अडलं होतं. नेत्रा रडली-बिडली नाही. शांतपणे म्हणाली, "बाबा, मी अठराच्या वरची आहे. तुझी सही लागत नाही मला. पण तू तोंडानं 'जा' म्हणाल्याशिवाय मी जायची नाही. रविवारी त्यांचं जहाज लोकांना बघायला खुलं आहे. एकदा चल. बघून नाही म्हणालास, तर परत विषय काढणार नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती शब्दाची पक्की आहे, बापासारखीच. आता तो नाही म्हणाला की कायमचं नाही, हे मला कळलं. आणि खरं सांगते, मला ती जायला हवी होती. भीती वाटत होती, पण जायला हवी होती.

रविवारी निघालो. नाखव्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं केलं होतं. मार्व्याच्या फेरीबोटीत तो चपला घालूनच बसला. मी म्हटलं, "इथे नाही काढत?"

"ही बस आहे. पाण्यावरून जाते एवढंच."

"मग बाया चालतात?"

"बसमध्ये चालतात," म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

गोदीत पोचलो आणि जहाज बघून माझी बोलतीच बंद झाली. माझी! राखाडी रंगाचं, उंच, आमच्या बंदरातल्या सगळ्या होड्या पोटात घेईल एवढं. कुठे गंजाचा डाग नाही, कुठे दोर लोंबतोय असं नाही. शाळेची पोरं रांगेत उभी होती. शिडीशी आमची जान्हवी. तिनं आम्हाला ओळखलं, "या काकी, या काका," म्हणाली. आणि आमच्या नाखव्यानं शिडीच्या पायथ्याशी चपला काढल्या.

"काका, चपला राहू द्या," जान्हवी म्हणाली. "वर लोखंड तापलंय, पाय भाजतील."

"बोटीवर चपला घालून चढत नाहीत."

"काका, सगळेच घालून चढतायत."

"चढू देत. मी नाही."

मागे रांग खोळंबली. एक बाई पुटपुटली, "कुठून कुठून येतात!" मी मागे वळून असं बघितलं की ती पुढचा अर्धा तास मोबाइलमध्ये तोंड घालून उभी होती. पण आतून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वाटलं, वाट लागली. हा आता इथूनच माघारी फिरणार, आणि पोरीचा शब्द तिच्याच गळ्यात पडणार.

वरून एक मिशीवाला साहेब खाली आला. "क्या हुआ?" जान्हवीनं त्याच्या कानात सांगितलं. साहेबानं नाखव्याच्या पायांकडे बघितलं. फुटलेल्या टाचा, मिठानं पांढरे झालेले घोटे. मग विचारलं, "अपनी बोट है, चाचा?"

"आहे," नाखवा मराठीतच म्हणाला. "वडिलांपासून."

साहेबानं वर बघून कुणाला तरी हाक मारली. दोन पोरगे पाण्याचा पाइप घेऊन धावत आले आणि शिडीच्या टोकापासून पुढे सगळं लोखंड भिजवायला लागले. वाफ निघाली नुसती. रांगेतली पोरं टाळ्या पिटायला लागली. जान्हवीनं वाकून नाखव्याच्या चपला उचलल्या, दोन्ही जुळवून शिडीच्या बाजूला सावलीत ठेवल्या आणि म्हणाली, "चला काका, आता नाही भाजणार."

नाखवा खाली वाकला, शिडीला हात लावून कपाळाला लावला आणि चढला. त्याच्यामागे नेत्रानं चपला काढल्या, मग मी. मेलं आयुष्यात बोट म्हणून पहिल्यांदा पाय ठेवत होते, तोही सरकारच्या बोटीवर!

जान्हवीनं सगळं फिरून दाखवलं. तोफ दाखवली, रडारची खोली बाहेरून दाखवली. स्वयंपाकघर बघितलं, त्यातली जमीन माझ्या ताटापेक्षा चकचकीत. मी गुपचूप कठड्याखाली बोट फिरवून बघितलं, धूळ नाही. बाजारात तीस-चाळीस बायांच्या ओट्यांवरून नजर फिरवणारी बाई मी, मला कुणी साफसफाईत फसवू शकत नाही. मानलं त्या पोरांना.

नाखवा मात्र वेगळंच बघत होता. जहाजावरचे लोक शिडीनं वर येत, आणि प्रत्येक जण पहिलं पाऊल ठेवताच मागच्या झेंड्याकडे तोंड करून सॅल्यूट ठोके. एक आला, दुसरा आला, तो मिशीवाला साहेबही आला. न राहवून नाखव्यानं विचारलं, "पोरी, हे सलाम कुणाला करतात? तिकडे तर कुणी साहेब दिसत नाही."

"साहेबाला नाही, काका. जहाजाला. केवढाही मोठा अधिकारी असू दे, वर चढला की आधी जहाजाला सॅल्यूट. मगच दुसरं काम."

"तू पण करतेस?"

"रोज."

नाखव्यानं मान हलवली. म्हणाला, "घरचे कसे तयार झाले?"

"बाबा एसटीत ड्रायव्हर आहेत. त्यांना होडीत बसवलं तर ओकतात," जान्हवी म्हणाली. "मी पण ओकले. पहिल्यांदा दर्या खवळला तेव्हा मांडीत बादली घेऊन ड्युटी केली. उठून गेले नाही."

"उठली नाहीस?"

"उठून कसं चालेल? खाली झोपलेल्या सगळ्यांचा जीव माझ्यावर होता ना."

नाखवा हसला. किती दिवसांनी हसला तो! "मला बोट लागली तेव्हा बापानं खारं पाणी पाजलं होतं," तो म्हणाला. "पहिल्या फेरीला. ओकत ओकत जाळं ओढलं मी." मग त्या पोरीच्या डोक्यावर त्यानं हात ठेवला. परक्या पोरीच्या डोक्यावर. मी नेत्राचा हात घट्ट धरला.

पण 'जा' काही म्हणाला नाही. परतीच्या वाटेवर नाही, फेरीबोटीत नाही. नेत्रा पाण्याकडे बघत बसलेली. तिनं शब्द दिला होता, ती विचारणार नव्हती. मला विचारायचं होतं, ओठ शिवून बसले होते. अख्खी फेरी ओठ शिवून बसणं काय असतं, ते माझ्या तोंडाच्या बाईलाच कळेल.

मनोरीला उतरलो तेव्हा दिवस कलला होता. भरतीला आलेलं पाणी, धक्क्याला टेकलेली आमची होडी. नाखवा घराकडे न वळता सरळ तिच्याकडे गेला. चपला काढल्या, वर चढला आणि आमच्याकडे पाठ करून उगाच दोर चाळवत राहिला. मग तसाच म्हणाला, "त्यांची बोट माझ्या पोरीला वर घेते. पायाखाली पाणी घालून घेते. आणि बापाची घेत नाही, हे काय बरं दिसतं?"

आम्ही दोघी जागच्या जागी.

"ये गो," त्यानं हात पुढे केला. "आधी हिच्यावर चढ. मग त्यांच्याकडे जा."

'जा' म्हणाला तो! नेत्रानं चपला काढल्या. बापाच्या चपलांशेजारी जुळवून ठेवल्या. होडीला हात लावून कपाळाला लावला, आणि वर पाऊल पडताच ताठ उभी राहून सॅल्यूट ठोकला. वेडावाकडाच होता, कोपर कुठल्या कुठे गेलेलं. नाखवा बघत राहिला, मग तोंड फिरवून शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागला. म्हणे, वारा आहे.

मी खालीच उभी होते. सवयच ती. हातात पिशवी घेऊन, धक्क्यावर.

"आणि तुला काय अक्षता पाठवायच्या?" तो माझ्यावर ओरडला. "चढ की!"

मी पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या. पोरीनं एक हात धरला, नवऱ्यानं दुसरा. फळ्या दिवसभराच्या उन्हानं अजून गरम होत्या. मी वळून बंदराकडे बघितलं. आमचं घर दिसलं, मासे वाळवायचा मांडव दिसला, आणि धक्क्यावर ओळीनं ठेवलेले तिघांच्या चपलांचे तीन जोड.